दिपालीची पाच मिनिटं

१ डिसेंबर, सोमवार

दिसली! अकरा बेचाळीसला. नऊ सेकंद, घड्याळ लावून मोजली.

राज्यसभेत सभापतींच्या समोर, खाली एक टेबल असतं. तिथं लघुलेखक बसतात. दिपाली डावीकडून आली, बसली, वही उघडली, आणि शेजारचा अजून लिहीत असतानाच हिनं लिहायला घेतलं. मग तो थांबला, उठला, गेला. कुणी कुणाला खूण केली नाही, हाक मारली नाही. पाच-पाच मिनिटांची पाळी. पाळी संपली की पुढचा असाच येऊन बसणार. तेवढ्यात कॅमेरा वळला तो एका मंत्र्यांच्या तोंडावर. त्यांना रोजच बघतो की आम्ही!

विजयमाला म्हणाली, "लग्नात माझ्याकडंसुद्धा असं टक लावून पाहिलं नव्हतं तुम्ही." खरं आहे. पण लग्नात तू काही मिनिटाला एकशे साठ शब्द लिहीत नव्हतीस! एवढं बोललो आणि दुपारचा चहा गमावला.

पाथर्डीच्या माझ्या शॉर्टहँड क्लासात पत्रा तापायचा, तेव्हा ओला रुमाल डोक्यावर टाकून लिहायची ही पोरगी. गोरक्षनाथ आणि भागूबाईची. आईबाप ऊसतोडीला. आता देशाच्या वरच्या सभागृहात जे बोललं जातं ते हिच्या वहीतून कागदावर उतरतं. चौतीस वर्षं क्लास चालवला त्याचं सार्थक झालं, असं उगाच कुणापुढं म्हणणार नाही. इथं म्हणतो.

२ डिसेंबर, मंगळवार

गोंधळ. बारापर्यंत तहकूब, मग दोनपर्यंत, मग उद्यापर्यंत.

३ डिसेंबर, बुधवार

आज सगळं सुरळीत. नुसतं रोजचं कामकाज. लोकांना ते कंटाळवाणं वाटतं, मला फार आवडतं. एका सदस्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. मग मंत्री एकेक उठून आपापले कागद पटलावर ठेवतात — "महोदय, मी ठेवतो" — आणि बसतात. समित्यांचे अहवाल. मग शून्य प्रहर. ज्याचं नाव पुकारतील त्यानं तीन मिनिटांत आपल्या भागाचं गाऱ्हाणं मांडायचं. कुणी रेल्वे फाटकावर बोलतो, कुणी कांद्यावर. तीन मिनिटं झाली की माईक आपोआप बंद. मग तुम्ही कितीही मोठे असा. घंटी वाजते आणि पुढचं नाव. हे मला फारच पटतं.

मीही इकडं टीव्हीपुढं वही घेऊन बसतो. संध्याकाळी सभागृहाची नोंद मोबाईलवर येते. प्रत्येक पाळीच्या पानावर लिहिणाऱ्याची आद्याक्षरं असतात. डीजी, म्हणजे दिपाली गोरक्षनाथ, दिसलं की लाल पेन काढतो. मास्तरकी जात नाही, काय करणार! आज चुका तीन. तिन्ही माझ्या.

५ डिसेंबर, शुक्रवार

वाईट बातमी. गावच्या शाळेतलं हंगामी वसतिगृह ३१ डिसेंबरला बंद. दरवर्षी एप्रिलपर्यंत मंजुरी असते, यंदा वरून डिसेंबरपर्यंतच आली. का, ते कुणी सांगत नाही.

एक्केचाळीस मुलं आहेत. आईबाप दिवाळीनंतर कारखान्यांवर गेले, ते ऊस संपल्यावरच परतणार. मुलं शाळेतच झोपतात आणि भागूबाई त्यांचं जेवण करते. दिपालीला नोकरी लागली तेव्हा तिनं आईबापाचा ऊसतोडीचा कोयता सोडवला, पण भागूबाई घरी बसेना. म्हणाली, "माझी लेक हितंच चार हंगाम जेवली. आता दुसऱ्याच्या लेकी जेवू द्या."

वसतिगृह बंद झालं की मुलं जाणार आईबापाकडं, उसाच्या फडावर. शाळा सुटणार. पंकजा सातवीत आहे, वर्गात पहिली. मी तिला गंमत म्हणून शॉर्टहँडच्या रेघा शिकवतो. आज तिनं विचारलं, "सर, फडावर टेबल असतं का?"

आपल्या भागातल्या खासदारबाई राज्यसभेत आहेत. त्यांच्या कार्यालयाला आजच लिहिलं.

८ डिसेंबर, सोमवार

फोन आला! गुरुवारी शून्य प्रहरात बाईंचं नाव आहे. विषय आपला! भाषणाचा मसुदा हिंदीत पाठवा म्हणाले.

दिवसभर बसून लिहिला. तीन मिनिटं म्हणजे एकशे वीसच्या वेगानं तीनशे साठ शब्द. मोजून तीनशे साठ लिहिले. एक कमी नाही, एक जास्त नाही. आधी मुलांची परिस्थिती, मग आकडे, आणि शेवटी मागणी: वसतिगृहं एप्रिलअखेरपर्यंत चालू ठेवावीत. हा माझा आयुष्यातला सगळ्यात चांगला उतारा झाला आहे.

१० डिसेंबर, बुधवार

भागूबाईनं भाकरी थापता थापता विचारलं, "उद्या आमची दिपी तितंच असंल का?"

"असेल. तिची पाळी आली तर लिहील."

"मंग तिलाच सांगा की उठून बोलायला. तिला सगळं ठावं हाय."

"तिला बोलता येत नाही तिथं, भागूबाई. तिथं बसलेल्यानं फक्त लिहायचं."

"लई बोलकी हुती वो माझी पोर," म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. सभागृहात इतकी माणसं बोलतात आणि आपली लेक मधोमध गप्प बसते, हे तिला काही केल्या पटत नव्हतं. मी म्हटलं, अहो, तेच तर अवघड आहे. बोलणं कुणालाही येतं!

दिपालीला मी यातलं काही कळवलेलं नाही. तिच्या कामात आपली भानगड नको.

११ डिसेंबर, गुरुवार

क्रमानं, नीट लिहितो.

शाळेतल्या टीव्हीपुढं सगळी मुलं, भागूबाई, मी. अकरा एकतीसला बाईंचं नाव पुकारलं, आणि टेबलावर दिपाली! भागूबाईनं मोठ्यांदा "माझी दिपी!" केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. असा योग शंभर वर्षांत येत नाही.

बाई उभ्या राहिल्या. सभापतींचे आभार. पक्षाचे आभार. पक्षनेत्यांचे आभार. अडतीस सेकंद! मी खुर्चीतच उठबस करत होतो. मग मसुदा सुरू झाला, पण बाई सावकाश बोलतात. माणसासारख्या बोलतात. एकशे वीसच्या वेगानं फक्त मी बोलतो — क्लासात, उतारा घालताना! हे मला त्या क्षणी कळलं.

पण बोलल्या काय सुंदर! फडावर पाचटाच्या खोपीत अभ्यास करणाऱ्या पोरांचं सांगितलं तेव्हा समोरच्या बाकांवरचे लोकही वळून ऐकायला लागले. मग घंटी. "महोदय, मेरी मांग है कि —" आणि आवाज गेला.

बाईंचे ओठ हलत होते. दहा सेकंद, पंधरा सेकंद. हातही केला कुठंतरी, सगळ्या सभागृहाकडं. आमच्याकडं नुसतं चित्र. मग त्या बसल्या आणि पुढच्या सदस्याचं नाव पुकारलं.

पंकजानं विचारलं, "सर, काय म्हणाल्या त्या?"

१२ डिसेंबर, शुक्रवार

काल संध्याकाळी नोंद आली. डीजीचं पान. एक काना इकडचा तिकडं नाही. शेवटी "मेरी मांग है कि—", मग कंसात घंटी, मग पुढचं नाव.

छापील कागद घेऊन पाथर्डीच्या शिक्षण विभागाच्या कार्यालयात गेलो. साहेब सज्जन माणूस. वाचून म्हणाले, "गुरुजी, यात मागणी कुठंय? मागणीची एक ओळ असती तर आज वर पाठवलं असतं."

परत आलो आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातूनच दिपालीला फोन लावला. भागूबाईला ऐकायचं होतं म्हणून स्पीकरवर.

"माईक गेल्यावर बाई काय म्हणाल्या?"

"सर, ते नोंदीत जात नाही."

"ते मला शिकवू नकोस. तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग सांग."

ती म्हणाली, "नाही सर. ते मला विचारू नका." आवाज बारीक झाला होता. मला वाटलं, हट्ट करतेय.

मग मी जे बोललो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. म्हणालो, "दिपाली, मसुदा माझ्या हातचा आहे. मागणीची ओळ मला पाठ आहे. नोंद अजून दुरुस्त व्हायची असते ना? दोन ओळी घाल. कोण बघतंय? एक्केचाळीस पोरांचा प्रश्न आहे."

ती म्हणाली, "सर, तुम्ही बोलताय हे?"

भागूबाईनं पिठाच्या हातानं माझ्या हातातला फोन घेतला. "दिपे, तू कामाला जा, बाय. जेवलीस का? जा." फोन बंद केला आणि माझ्याकडं वळली. "सर, पोरीला तुमीच सरळ वळन लावलं. आन् आता तुमीच तिला वाकडं लिवायला सांगता व्हय? पोरं माझीबी हायती. म्हनून काय लेकीला लबाडी शिकवू?"

चप्पल घालून निघून आलो.

१३ डिसेंबर, शनिवार

माझी चूक झाकायची होती, दुसरं काही नाही. तीनशे साठ शब्द! मागणी पहिल्या ओळीत ठेवली असती तर? पण नाही, मास्तरांना उतारा सजवायचा होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

आणि ती पोरगी. तिच्याच वसतिगृहाचा विषय, तिच्याच आईचं स्वयंपाकघर, हातात पेन्सिल, समोर गुरूची परवानगी. तरी दोन ओळी घातल्या नाहीत. एवढा ताठ कणा मी शिकवलेला नाही. माझ्याकडं असता तर शिकवला असता. हा तिचाच आहे, नाहीतर भाकरी थापणाऱ्या त्या बाईचा.

दिपालीला मेसेज केला: "चुकलो." उत्तर आलं: "सर, असं नका म्हणू."

१५ डिसेंबर, सोमवार

आता सरळ रस्ता. खासदारबाईंनाच पत्र लिहिलं, की माईक बंद झाल्यावर आपण काय म्हणालात ते कृपया लेखी कळवावं, म्हणजे कार्यालयात दाखवता येईल. रजिस्टर पोस्टानं टाकलं.

२४ डिसेंबर, बुधवार

उत्तर नाही. अधिवेशन संपलं.

३१ डिसेंबर, बुधवार

टेम्पो आला. पंधरा मुलं गेली. पंकजाही. तिचा बाप चांगला माणूस, पण म्हणाला, "गुरुजी, उद्यापासून हिला हितं कोन घालनार खायला? तिकडं डोळ्यापुढं तरी ऱ्हाईल." पंकजानं वही छातीशी धरली होती. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

भागूबाई चूल विझवायला तयार नाही. "सव्वीस हायती अजून. मी हाय तवर जेवतील." सकाळी दुकानदार गव्हाची पोती टाकून गेला. कुणी पाठवली ते सांगू नका असं त्याला बजावलेलं होतं, पण त्याच्या पोटात काय राहतंय! दिपालीनं पाठवली.

माझ्यावरचा राग भागूबाईनं कधीच सोडला. आज मला वाटीभर आमटी दिली आणि म्हणाली, "बाईंचं पत्तर येईल बगा."

६ जानेवारी, मंगळवार

आलं. बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं आहे.

"गुरुजी, घंटी झाली तेव्हा तुमचं शेवटचं पान माझ्या हातात तसंच होतं. माईक गेला तसा मी कागद बाजूला ठेवला आणि सभागृहाला विचारलं, की अशा वसतिगृहात राहून शिकलेलं एक तरी माणूस आज इथं आहे का? असेल तर उभं राहावं. कुणीच उभं राहिलं नाही. मला पुढं बोलवेना, मी बसले. मागणी राहून गेली. मला क्षमा करा. पुढच्या अधिवेशनात पुन्हा मांडते."

बाईंच्या समोरच बसली होती माझी पोर, चार हंगाम याच वसतिगृहात जेवलेली. मान खाली, हातात पेन्सिल. मला रडू आवरत नाही.

भागूबाई दारात उभी आहे. "काय म्हनत्यात बाई?" विचारते.