डावीकडची जागा

नंदुरबार,
१२ जानेवारी १९३९

प्रिय दोस्त वाहिद यास रतनलालचा सलाम.

आम्ही सर्व खुशाल. नवापुरात बहिणीकडे तुझी तब्येत कशी आहे, ते आधी कळव. खोकला नाही ना? जेवण जातं ना?

धर्मशाळेतल्या मैफिलीची तबकडी छान उतरली. यावेळी मी दोन मायक्रोफोन ठेवले होते, उजव्या कानाला एक, डाव्याला दुसरा. हेडफोन लावून डोळे मिटले की मैफिल आपल्याभोवती बसते. समोर जसोदाबाई गातात, उजवीकडे चुडामणचा तबला, मागे लोकांची वाहवा. कुणाची बांगडी वाजली तरी कुठे वाजली ते बोटाने दाखवता येतं.

सारंगीसाठी लाकूड बघायला नर्मदेतून होडीने मणिबेलीला जाणार होतास, ते पुढे ढकल. थंडी फार आहे.

थंडीचं निमित्त कशाला करू? डावीकडे तू सारंगी घेऊन बसला होतास, तिथे काहीच नाही. आधी वाटलं, डावा मायक्रोफोन बिघडला. पण तुझ्या पलीकडे बसलेले मिश्रीलालकाका खाकरतात, ते स्वच्छ येतं. जसोदाबाई थांबून म्हणतात, "वाहिदमियाँ, आता तुम्ही." मग बराच वेळ नुसता तबला. आणि लोक टाळ्या वाजवतात.

चुडामणने ऐकून विचारलं, "भाऊ, वाहिद तठेच बठेल व्हता ना?" मी तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली.

दिवाळीत घरचं भजन उतरवलं होतं. त्यात बदामकाकू गात असूनही त्यांचा आवाज आला नव्हता. तेव्हा आम्ही त्यांना चिडवलं. त्या महिन्याभरातच गेल्या.

तू इकडे ये. त्याच जागी बसून वाजव. तू ऐकू येईपर्यंत मी यंत्र बंद करणार नाही.

तुझ्या वाटेकडे कान लावून बसलेला,
रतनलाल

नवापूर,
१६ जानेवारी

रतनभाऊ, आदाब.

होडीवाल्याला नकार कळवला. तुला सांगणार नव्हतो, पण आता सांगतो. त्या मैफिलीत गज तारांवर फिरत होता, बोटांना कंप लागत होता, लोक माना डोलावत होते. मला मात्र माझी सारंगी ऐकू येत नव्हती. वाटलं, कान गेले.

काल इथे पुन्हा वाजवून पाहिलं. बहीण जाहेदा समोर गहू निवडत होती. मी गज खाली ठेवला तेव्हा तिने विचारलं, आज वाजवणार नाहीस का?

माझं बोलणं अजून तिला कळतं. उद्याच्या गाडीने निघतो. स्टेशनात तूच मला शोध. मी हाक मारीन, पण त्या हाकेच्या भरवशावर राहू नकोस.

अजून तुझाच,
वाहिद