प्रीव्ह्यूत नको असलेली माणसं

५ जानेवारी
नोकरीचा पहिला दिवस! परळला, जुन्या गिरणीच्या आवारात ॲनिमेशन स्टुडिओ. नायगावच्या आमच्या चाळीतून चालत वीस मिनिटं. आईने डब्यात घावणे दिले होते, त्यातले निम्मे शेजारच्या टेबलवरच्या ध्रुवने पळवले. एका बिल्डरला टॉवरच्या विक्री-कार्यालयात दाखवायला चाळीवरची दीड मिनिटाची फिल्म हवी आहे. आधी चाळ पाडायची, मग तिचीच फिल्म लावायची, धन्य आहे! पण मला काम हवं होतं, तेव्हा तोंड बंद.

८ जानेवारी
फिल्ममध्ये माणसं कुठली घ्यायची, तर मी आमचीच दिली. फोटो काढून हुबेहूब उतरवली. निवृत्त गिरणी कामगार दगडूकाका नळाजवळच्या बाकावर पेपर वाचताना. आई गॅलरीत तांदूळ निवडताना. तिच्यामागे दारात मी. आई तर फोटोसाठी साडी बदलून आली. फोटो कशासाठी, ते मात्र मी कोणालाच धड सांगितलं नाही.

१२ जानेवारी
फिल्मभर एक चेंडू जिन्यावरून उड्या मारत खाली येतो. त्याच्या उड्यांची वेळ काही जमेना. वेळ तपासायला कच्चा प्रीव्ह्यू काढायचा, आणि एकेकाला अकरा मिनिटं! आमचे प्रमुख हितेंद्रसर वैतागले. म्हणाले, अगं, चेंडूच बघायचाय ना? मग एवढी पब्लिक कशाला चालू ठेवलीस? बंद कर सगळं, खटाखट निघेल.
सॉफ्टवेअरमध्ये फिल्ममधल्या सगळ्या गोष्टींची यादी असते, प्रत्येक नावापुढे डोळ्याची खूण. ती मिटवली की ती गोष्ट पडद्यावरून जाते. मी सावल्या बंद केल्या, भिंतींचे रंग काढले, दगडूकाकांना बाकासकट बंद केलं. चाळीस सेकंदांत प्रीव्ह्यू!
घरी आले तर नळाजवळ बाक नव्हता. आईला विचारलं, दगडूकाका कुठे गेले? ती म्हणाली, कोण दगडू?

१३ जानेवारी
सकाळी आल्या आल्या काकांचा डोळा उघडला आणि घरी फोन लावला. आई म्हणाली, हे काय, बाकावर बसून माझ्या हातचा चहा पितायत. कालचं तिला काही आठवत नव्हतं. मी हसले. मग यादीत आईचा डोळा उघडा आहे ना, ते दोनदा पाहिलं.
आईला कधीच बंद करायचं नाही.

१६ जानेवारी
आज फिल्म द्यायची होती. आईच्या सुपात चार हजार दाणे, तेही मीच हौसेने घातलेले. त्यांच्यामुळे प्रीव्ह्यू पुन्हा रखडला. सर खुर्चीमागे उभे राहून घड्याळ बघत होते. मी आईला बंद केलं. दोन मिनिटांपुरतं.
वेळ जमली. टाळ्या पडल्या. ध्रुवने समोसे आणले. फाइल तशीच पुढे गेली आणि पक्की फिल्म निघाली. डोळा उघडायला विसरले. नवशिके करतात ती चूक.
समोसा खात होते मी.

१७ जानेवारी
घरात एकच ताट. एकच चादर. सूप नाही. शेजारीण म्हणाली, तू पहिल्यापासून एकटीच ना गं?
सरांच्या पाया पडले. आईचा डोळा उघडा, फिल्म परत काढा. ते म्हणाले, बिल्डर खूश आहे. ती बाई नाही तेच बरं, गॅलरी कशी मोकळी वाटते. शिवाय बंद असलेली नावं त्यांनी कालच पुसून टाकली. फाइल हलकी होते म्हणे.
हरामखोर. तो. आणि मीही.

१९ जानेवारी
बिल्डरला फिल्ममधली चाळ आणखी मोकळी हवी. काम ध्रुवकडे दिलंय. दगडूकाका पुसले — बाकासकट. मग नळ —
लिहून ठेवते. आईचं नाव अंबिका. घावणे करायची. फोटोतली साडी हिरवी — नाही, निळी —
ध्रुव यादी वाचतोय. दारात ही कोण मुलगी, विचारतोय. मी त्याच्या शेजारीच बसलेय. हाक मारली. मान वर करत नाही —
हितेंद्र म्हणतोय, चेंडूच बघायचाय ना, मग तिला