दिदोंच्या मयताचं जेवण, दिदोंच्या देखत

आदरणीय स्टेफा आत्या,

तुला आणि काकांना मनापासून नमस्कार. व्हँकुव्हरच्या पावसात तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सस्कॅचेवानमध्ये कापणी उरकली, पहाटे दंव पडतं, बाबा ठीक आहेत. आपले दिदो, माझे आजोबा, तेही अजून आहेत. हे आधीच सांगते, कारण गावातून तुझ्या कानावर भलतंच आलं असेल.

दिदोंचा कॅन्सर हाडांत उतरल्यापासून ते रात्रभर खुर्चीत बसून असायचे आणि विचारलं की ‘झोप येत नाही’ म्हणायचे. (आपल्या घराण्यात दुखतंय म्हणण्यापेक्षा ट्रॅक्टरखाली जाणं बरं समजतात.) घरातली पहिली पदवी घेऊन आलेली मी हे कशी बघत बसणार? डॉक्टरांच्या मागे लागले, आणि दुखणं हलकं करणारी नर्स, जॉइस, घरी आली. ती मरणाच्या दारात बोलवायची बाई नव्हे, आजारी माणसाचे दिवस सुसह्य करायला येते, हे मी सगळ्या गावाला समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, पटलं.

पण शेजारच्या पारास्का काकूंनी जॉइसची गाडी आपल्या फाटकाशी पाहिली, आणि संध्याकाळी चर्चच्या तळघरात बायका बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पेरोगी वळायला बसल्या. मयताच्या जेवणासाठी! मी त्या धक्क्यातून सावरतेय तोच कबरी खणणारा मिहाइलो टोपी हातात घेऊन दारात. जमीन गोठली की कुदळ चालत नाही, तर आत्ताच खणून ठेवू का, असं तो अगदी मायेने विचारत होता. उत्तर आतून दिदोंनीच दिलं, “आन्नाच्या डावीकडे खण. उजवीकडे पाणी साचतं.” (इतकी वर्षं आजीच्या कबरीवर जातेय, मला हे माहीत नव्हतं.)

दिदो औषधाला मात्र हात लावेनात. “आज हे थेंब, उद्या शवपेटी,” म्हणाले. माझी सगळी व्याख्यानं वाया गेली. मग काकूंनी पहिला घाणा चवीला पाठवला, तळलेल्या कांद्याचा वास घरभर पसरला, आणि दिदोंना दुखण्यापायी टेबलाशी दोन मिनिटं बसवेना. जॉइसने फोनवर सांगितलं, आधी औषध, तासाभराने जेवण. “पारास्काचं फुकटचं कधी मिळतं?” असं पुटपुटत दिदोंनी रागारागाने थेंब घेतले. जेवले. आणि रात्री पलंगावर आडवे होऊन झोपले. मी दाराबाहेर त्यांचा श्वास ऐकत उभी, कारण असे झोपलेले मी त्यांना कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं.

सकाळी कोट चढवून म्हणाले, मला चर्चच्या तळघरात ने. तिथे सगळ्यांचे हात पिठातच थांबले.

“नेस्टर, तू इथे कसा?” काकू.

“माझंच जेवण ना? पीठ जाड लाटलंयस.”

“तुझ्यासाठी लाटलंच नव्हतं मेल्या, तुझ्यामागे येणाऱ्यांसाठी होतं.”

मग काकूंनी दिदोंना खुर्ची दिली, आणि एक ताटही.

तुझी लाडकी भाची,
ओरिसिया

ता. क. आपला फ्रीझर पेरोगींनी भरलाय. काकूंनी परत घ्यायला साफ नकार दिला.

ता. क. २ आत्या, कारखान्यातून रजा मयतालाच मिळते, म्हणून तू ती राखून ठेवली आहेस. मालकाशी भांड, पण आत्ता ये. दुखणं कमी झालंय, आजार नाही. डॉक्टर काही लपवत नाहीत.

ता. क. ३ दिदो खांद्यावरून वाचतायत. म्हणतात, लिही तिला, नंतर आलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. ते हसतायत. मला हसू येत नाहीये.