तिसऱ्या पुस्तकाबद्दल

ता. ९ जानेवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुस्तकांचं पार्सल पोचलं. पंपघरात पाळी असली की पंप चालू करून दिल्यावर काट्यावर नजर ठेवण्यापलीकडे फारसं काम नसतं, त्यामुळे तिन्ही पुस्तकं हातावेगळी झाली. भावोजींनी नेहमीसारखी खाकी कागदाची कव्हरं घातलीत आणि लिहिणाऱ्यांच्या नावांवर अशा चिकटपट्ट्या मारल्यात की नखानेही निघत नाहीत. नाव बघून मत बनवायची माझी खोड तू बरोबर ओळखलीस. आता ठरल्याप्रमाणे, भीडभाड न ठेवता.

पहिली ती दोन बहिणींची कादंबरी. धाकटी घर सोडते तिथे माझा चहा निवून गेला. शेवटी मात्र लिहिणाऱ्याला सगळ्यांचं भलं करायची घाई झाली. जन्मभर कुणाला माफ न केलेला बाप एका पानात विरघळतो. मला पटलं नाही.

दुसरं मधमाश्यांवरचं. माहितीचं गाठोडं असेल असं वाटलं होतं, पण हा माणूस माश्यांपुढे इतका नम्र आहे की देवाचं नाव न घेता केलेली पूजाच म्हणावी. हे मी परत पाठवत नाही, रागावू नकोस.

तिसरं मात्र का छापलं कोण जाणे. कुणा दोर वळणाऱ्याच्या मुलाचं आत्मकथन आहे. दोर भिजवला, दोर पिळला, दोर वाळवला, आणि पान उलटावं तर पुन्हा दोर. वाचता वाचता मलाच पीळ बसला. काही माणसं गप्प असतात तेच बरं. ताई, या गृहस्थाच्या बायकोची मला दया येते. भावोजी, इथे जरा थांबा, ताईला हसू द्या.

डोळ्यांत औषध वेळेवर घालत जा. इकडे सगळं ठीक. माया आहे ती पुढच्या पार्सलात घालून पाठव.

तुझा,
धाकटा


ता. २ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसेल. शेजारच्या शिकवणीच्या बाईंकडून लिहून घेतेय, कारण हे पत्र यांच्याकडून लिहून घेण्यासारखं नाही.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे यांनीच वाचून दाखवलं. तू सांगितलंस तिथे थांबलेसुद्धा. मी पोट धरून हसले. वर म्हटलं की त्या बिचारीला माझा नमस्कार कळवा. कळवतो म्हणाले, आणि त्याच आवाजात पुढचं वाचलं.

काल छापखान्याचा माणूस दारात आला. म्हणाला, साहेबांनी त्यांच्या पुस्तकाच्या उरलेल्या प्रती बांधू नका, रद्दीत घाला असं सांगितलंय, ते पक्कं ना. मी विचारलं, कसलं पुस्तक. तो म्हणाला, तेच, दोर वळणाऱ्या घरातलं. मला कडी लावायचंही सुचेना.

मला वाटायचं हे दुपारी पेन्शनचे कागद भरतात. एवढे कसले कागद, असं एकदाही मनात आलं नाही. सासरे दोर वळायचे हे ठाऊक असूनही, तुझं पत्र ऐकताना ते यांचंच असेल असं सुचलं नाही. पुस्तक पार्सलात यांनीच घातलं, मला न सांगता. बायकोचं कौतुक नको होतं, तुझं मत हवं होतं. मी खोदून विचारलं तर एवढंच म्हणाले की तुझा भाऊ खोटं लिहीत नाही. मग मला वाचून तरी दाखवा म्हटलं, तर उठून बाहेर गेले. स्वतःजवळची प्रतही त्या गठ्ठ्यात देऊन आलेत. महिनाअखेरपर्यंत थांब, असं मी त्या माणसाला विनवलंय. बाहेर आहे ती तुझ्याकडची एकच.

तुला बोल लावत नाही. तू लिहिलंस ते पाठीमागे, न जाणता. मी हसले ती यांच्या तोंडावर. कालपासून घरात हसायची चोरी झालीय.

मला एवढंच सांग. ते खरंच इतकं वाईट आहे का?

तुझ्यावर जीव आहे म्हणूनच विचारते,
ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. भावोजींस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या नावाने आहे. ताईला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ताईचं पत्र आल्यापासून सकाळी देवापुढे बसतो, पण स्तोत्र ओठांवर आणि मन भलतीकडे. आधी वाटलं, पुस्तक थोर आहे असं लिहून मोकळं व्हावं. तसं पत्र लिहिलंही. पहिल्याच ओळीत तुम्ही ओळखलं असतंत. फाडलं.

खरं असं आहे की मी तुमचं पुस्तक अर्धंच वाचलं होतं. दोराच्या प्रकरणांत कंटाळलो, मिटलं, आणि मत दिलं ते सगळ्या पुस्तकावर. तिन्ही हातावेगळी केली असं लिहिलं ते खोटं होतं. मी खोटं लिहीत नाही, असं तुम्ही ताईला सांगितलंत. शिव्या दिल्या असत्यात तर बरं वाटलं असतं.

मग उरलेलं वाचलं. पंपाचा काटा लाल रेघेवर गेलेला मला दिसला नाही, पुढच्या पाळीवाल्याने येऊन खांदा हलवला.

ताईचे डोळे जात होते ते महिने. मला तिने लिहिलं होतं, थोडं अंधुक दिसतं, काळजी नको. तुम्ही लिहिलंय की स्वयंपाकघरात दिव्याचं बटण दाबून ती विचारायची, लागला का, आणि तुम्ही हो म्हटलंत की भिंतीकडे तोंड करून रडायची. तिला वाचून दाखवता यावं म्हणून, वर्तमानपत्रापलीकडे कधी न गेलेले तुम्ही, न्हाणीघरात नळ सोडून मोठ्याने वाचायचा सराव करत होतात. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिथेच ते वाक्य आहे: हिचा एक भाऊ आहे, तो दर महिन्याला पाकिटातून येतो. रागाने लिहिलेलं नाही, म्हणूनच बोचलं. तिच्या ऑपरेशनच्या वेळी मी काय पाठवलं? एका कादंबरीवरचं मत.

आणि तुमचं लहानपण. इकडे नोकरीला येण्याआधी इतकी वर्षं तुमच्या घरात जेवलो, तुमचे वडील काय करायचे हे विचारलं नाही. तुम्ही ते छापून सांगितलंत तर त्याची चेष्टा केली.

आता मत, भीड न ठेवता. पहिला भाग लांबलाय. दोराची तीन प्रकरणं एकात बसतील. वडील झोपले असताना त्यांचा तळहात उघडून बघता ते पान मात्र उत्तम आहे. दुसऱ्या भागातला शब्दही हलवू नका. हे दयेपोटी लिहीत नाही, दयेपोटी लिहिलेलं फाडलंय. प्रती रद्दीत घालू नका. ताईला तिचं पुस्तक ऐकू द्या. माझ्या आळसापायी ते तिच्यापर्यंत पोचायचं अडलंय.

माझ्यावरचा लोभ आटला असेल तर तो मागायला मला तोंड नाही. ताईवरचा आहे, त्यासाठी एवढं करा.

आपला अपराधी,
धाकटा मेहुणा


ता. २० फेब्रुवारी

रा. रा. मेहुणे यांस,
स. न. वि. वि.

मला मोठी पत्रं जमत नाहीत. होते नव्हते ते शब्द पुस्तकात खर्ची पडले.

तुमचं पत्र हिला सगळं वाचून दाखवलं, भिंतीपाशी रडण्याचंही. ती म्हणाली, तुम्हाला कसं कळलं, मी तर आवाजसुद्धा केला नव्हता. मी म्हटलं, म्हणूनच कळलं.

छापखान्यात जाऊन प्रती थांबवल्या. बांधणी न झालेल्या सुट्या पानांचा एक संच घरी आणलाय. दोराची प्रकरणं छापून झालीत, आता कंटाळणाऱ्यांनी कंटाळावं. परवापासून पहिला भाग वाचतोय. हिला तुमच्याहून धीर जास्त आहे. ओला काथ्या हाताला कसा लागतो असं विचारत होती, म्हणून बाजारातून थोडा आणून भिजवून तिच्या हातात दिला. वळायला शिकतेय. वाईट वळते.

दुसरा भाग माझ्याच्याने वाचवत नाही. न्हाणीघरात जाऊन पाहिलं, आवाज टिकत नाही. तो तुम्ही येऊन वाचा. तुमच्यावरच्या वाक्याला मीही जरा घाबरूनच आहे, पण ते तुमच्याच तोंडून ऐकायचं असं ही म्हणते.

ते कधी येणार, असं तिने विचारलं. येतील, असं मी सांगितलं. आजवर तुमच्याविषयी तिला जे जे सांगितलं ते तुमच्या कागदावरून वाचून. हे एक माझ्या मनाने सांगितलंय. मला खोटं पाडू नका.

लोभ आहे, घरी येऊन घेऊन जा.

आपला,
भावोजी