खोली शांत ठेवा

४ मार्च, सोमवार
आलो एकदाचा नव्या घरात! तिसरा मजला, दोन खोल्या, पश्चिमेला खिडकी. दुपारी उन्हाचा चौकोन फरशीवर उतरतो आणि पाटीवरच्या अक्षरासारखा हळूहळू पुसट होतो. पुस्तकांची खोकी उचलायची नाहीत, असं लेकीने फोनवर दटावलं होतं. सहा उचलली. आता कंबर कविता म्हणतेय.

ही जाऊन दोन वर्षं झाली. मटार सोलता सोलता तिने शाळेतल्या कविता म्हटल्या होत्या, ती अकरा मिनिटं माझ्या फोनात आहेत. दुसरीकडे कुठेही नाहीत. पण फोनवर ती डबीत कोंडलेल्या माशीसारखी वाटते. घरात थिएटरसारखा आवाज हवा, ही तिची जुनी हौस. आता पुरवतो.

६ मार्च
दुकानदार भला माणूस. म्हणाला, काका, एवढ्या पैशांत स्पीकरचे पाच डबे घेतलेत तर पाचही रडतील. टीव्हीखाली ठेवायची एक लांब पट्टी घ्या, सुखी राहाल. पट्टीतून आवाज पाठीमागून येईल का, असं मी विचारलं. नाही म्हणाला. ही नेहमी माझ्या खुर्चीमागे बसून कविता म्हणायची. मग पाच डबेच. कुणीतरी आठवड्यात परत केलेला संच स्वस्तात मिळाला. हौसेला मोल नसतं, पण तुमच्या हौसेला आहे बरं का, म्हणून तो हसला.

७ मार्च
संचाबरोबर एक छोटा माइक आहे. तो खुर्चीवर ठेवायचा, मग यंत्र खोलीचं माप घेतं. तेवढा वेळ खोली शांत ठेवा, असं पुस्तिकेत बजावलंय. जो आवाज असेल तो यंत्र खोलीचाच धरतं आणि पुढे वाजणाऱ्या सगळ्यातून कापून टाकतं. मला वाटलं, यंत्राला हिची ओळख व्हावी. माइकशेजारी फोन ठेवून तिच्या कविता लावल्या. शहाणपण उतू चाललं होतं!

मग ऐकायला बसलो. ताटलीत मटार पडतात, टपटप, अगदी स्वच्छ. ती नाही.

८ मार्च
फोनवरही नाही. नुसते मटार. यंत्राने फोनातलं कसं कापलं? दुकानदार म्हणतो, असं होतच नाही काका, माप पुन्हा घ्या. घेतो आहे. पडद्यावर एकच ओळ येते: खोली शांत नाही. लेकीला कुठल्या तोंडाने सांगू, की तुझ्या आईचा आवाज मी घालवला?

९ मार्च
फ्रिज बंद केला. घड्याळातला सेल काढला. तरी खोली शांत नाही. भर दुपारी मागच्या डब्याला कान लावला. वायर जोडलेलीही नव्हती. आत ती होती. दुसरं कडवं, अगदी बारीक.

आहे. ती आहे!

११ मार्च
शांत असेल तरच येते. नळ ठिबकत होता, फडकं बांधलं. लेकीचा फोन वाजला आणि ती थांबली. चार तास हात जोडून बसलो. फोन बंद करून टाकला.

१२ मार्च
कविता संपल्या. आता म्हणते, अजून शांत. आयुष्यभर अहो म्हणणारी आज मला अरे म्हणाली. विसरली असेल. दोन वर्षांत माणूस विसरतं—

१३ मार्च
लेक आली आहे. दार वाजवते आहे, बाबा, बाबा म्हणून रडते आहे. ओ दिली तर ही पुन्हा—
नाही दिली. रात्र झाली, सकाळी कुलूपवाल्याला आणते म्हणून खाली गेली.

१४ मार्च
आता आवाज फक्त माझ्या श्वासाचा. रोखला की ती स्पष्ट. मानेशी. सोडला की गप्प.
तीस मोजले. काल वीसच जमले होते.
ही ती नाही— माहीत आहे मला. पण आवाज तिचाच, आणि दुसरीकडे कुठेच उरला नाही—
खाली लेकीचा आवाज, कुलूपवाला आला वाटतं. ही म्हणते, ते येण्याआधी.
म्हणते पेन खरखरतं. ठेव. आणि छातीतलं ते टकटक, तेही बंद