आत्याच्या परसातली काळी माती

२ मार्च १९८६, रवि.
मुलुंडला आत्याकडे. तिच्या नातवाचं मेमध्ये लग्न. तिचा मुलगा बाळूदादा मांडवासाठी घरामागे कोबा घालतोय. सारवलेली जमीन बघून पाहुणे हसतील म्हणे! जागा दोनच. एक आत्याचं परस: अंघोळीच्या पाण्याची चूल, मिरच्या, अळू. दुसरा गवताचा कोपरा. माती दोन्हीकडे काळीकुट्ट, आणि गल्लीपलीकडे सगळा तांबडा मुरूम. ही इथेच कशी? उकरलं तर खापऱ्या, तिसऱ्यांच्या शिंपल्या. म्हणजे माणसांनीच केलेली माती. राख, शेण, मासळीचं पाणी, पिढ्यानपिढ्या. किती जुनी असेल?
आत्या : "माझं परस नको मोडू रे बाळू."
मध्येच मी अक्कल पाजळली. कॉलेजात तपासते, जी बाजू जास्त कसदार ती ठेवा. दोघंही कबूल.

५ मार्च, बुध.
लॅबची भट्टी. शिंपल्या वेचून काढल्या, दोन्ही माती वाळवून, तोलून जाळल्या. जळतो तो कस, पालापाचोळ्याचा, शेणाचा. परसच जिंकणार हे धरून चालले होते. पण कोपऱ्यातली जास्त घटली! पुन्हा केलं. तेच.
का? परस दरवर्षी खणतात. खणलं की आतलं हवा लागून विरत जातं. कोपऱ्याला कुणी फावडं लावलेलं नाही. असंच असणार. काय मजा आहे या मातीची! घरी येईपर्यंत तेच डोक्यात.
जेवताना आत्या आठवली. आता तिचंच परस जाणार.

९ मार्च, रवि.
सांगितलं. दादा : "झकास! परसात कोबा."
आत्या मिरच्या तोडत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
कोपऱ्यातली आणखी थोडी माती घ्यावी म्हणून खुरपं घातलं तर खण्णकन् वाजलं. लोखंडी कडी. आत्या म्हणाली, "दावणीची गो. ह्यांच्या म्हशी हितंच बांधायचे."
गोठा! वर्षानुवर्षांचं शेण त्या कोपऱ्यात मुरलेलं. मग कस कशाचा, शेणाचा की न खणल्याचा? घरात सगळ्यांना गोठा ठाऊक. मी विचारलं नाही, त्यांना सांगायचं सुचलं नाही. शहाणी मी.
दादाला म्हटलं, तुलना चुकली.
"कस तिकडं जास्त हाय ना? मग झालं. गवंडी शनिवारी येतोय."
बोलणं त्याचंही खोटं नाही. राग आला तो माझाच.

१४ मार्च, शुक्र.
अर्धी रजा टाकून आत्याकडे. दोघींनी परसातली वरची माती घमेल्यांनी कोपऱ्यात नेली, मिरचीची रोपंसुद्धा. दादा बघून हसला, मग स्वतःच अळूचे कांदे काढून दिले. कोपऱ्यात मांडवाचा पसारा टाकायचा नाही एवढं त्याच्याकडून वदवून घेतलं. नखांत काळं बसलंय, साबणाने जात नाही.
आत्या : "उचलून नेली तर काळी ऱ्हाईल का गो?"
खरं तर मलाही तेच हवंय कळायला. म्हटलं, रोज राख टाकत जा, पुढच्या वर्षी पुन्हा जाळून बघू.
तिने घमेलं खाली ठेवलं. गेल्या महिन्यात घरात गॅस आलाय. राहिली होती ती परसातली चूल.
"ती बी उद्या निघते, बाय. राख आणू कुठनं?"