रॉड लॉकरची किल्ली

चेरीवूड, डब्लिन
जून २०२१

प्रिय यशोधन,

'प्रिय' सवयीनं लिहून गेले. खोडत बसत नाही, तेवढेही कष्ट आता तुझ्यासाठी नकोत. हे पत्र तुला बोटीच्या ड्रायव्हर सीटवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं सापडेल. म्हणजे आत्ता तू, आपली बोट ठेवून घेणाऱ्या डर्मटच्या शेडमध्ये उभा असशील, तुझा मित्र सतीश बाहेर गाडी चालू ठेवून बसला असेल, आणि तू रॉड लॉकरचं, त्या काठ्यांच्या कप्प्याचं, झाकण दोन-तीनदा ओढून बघितलं असशील. ओढू नकोस रे बाबा, कुलूप लावलंय. आधी वाच.

तुझा मेसेज मिळाला. 'शनिवारी बोट न्यायला येतो, सामान सगळं जागेवर आहे ना, लॉकर उघडा ठेव.' काय तो रुबाब! मी कशी आहे, आई कशी आहे, एका अक्षरानं विचारलं नाहीस. एप्रिलमध्ये बाबा गेले तेव्हासुद्धा तुझ्याकडून आलं काय, तर हात जोडलेलं चित्र. आता लॉकडाऊन सैल होऊन काउंटीबाहेर जायला परवानगी मिळाली, कॅव्हनच्या तळ्यावर महिनाअखेरीला पाइक मासे पकडायची स्पर्धा आहे, आणि तुम्ही सँट्रीच्या मंडळींनी नाव दिलंय, हे सँडीफोर्डच्या सुलेखाकडून कळलं. तू म्हणे सगळ्यांना सांगत सुटलायस की यंदा बक्षीस आपलंच. छान. ग्रँड.

तर सामानाचं सांगते. सगळं जागेवर आहे, तू आयुष्यात कधी ठेवलं नसशील इतकं नीट आहे. तुझ्या त्या महागड्या कार्बनच्या काठ्या मी एक उलटी एक सुलटी अशा नळ्यांत घातल्यात, म्हणजे एकीची मूठ दुसरीच्या टोकावर आपटत नाही. टोकांना टोपरी घातलीत. प्रत्येक ल्यूरचा, त्या खोट्या माशाचा, गळ बुचात खुपसून ठेवलाय, तुझ्यासारखा रीलच्या दोऱ्यात लोंबकळत नाही सोडलेला. रीलचे ब्रेक सैल केलेत, तू ते हिवाळाभर आवळून ठेवायचास आणि मग वसंतात कंपनीला शिव्या द्यायचास. गळ-दोऱ्यांचे टॅकलचे डबे खाली, वर लाइफ जॅकेटं, कोपऱ्यात तांदळाच्या पुरचुंड्या, दमट होऊ नये म्हणून. आणि दोन काठ्यांच्या मध्ये, हो, माझ्या चिंध्या. जुन्या सुती साडीच्या पट्ट्या, काठीभोवती गुंडाळत नेऊन शेवटी गाठ. आठवतात ना चिंध्या?

नाही आठवत कसं म्हणतोस? सगळ्या आयर्लंडला ऐकवल्या होत्यास. बोट घेतली त्या उन्हाळ्यात, प्रत्येकाच्या घरी, आणि नंतर लॉकडाऊनमध्ये दर शनिवारच्या झूमवर, 'आमच्या हिला निळीशार बास बोट घेऊन दिली, तर ही त्यात चिंध्या भरते!' सगळे हसायचे. मीही हसायचे, वेडी. तू एरंडवण्याचा, मासा ताटात बघितला तोही डोकं काढलेला. गळ कशाशी खातात ते व्हिडिओ बघून शिकलास. मी देवगडच्या खाडीवर वडिलांच्या शेजारी बसून, गळ टाकून गरवत मोठी झाले, आणि मला बोटीत सामान कसं ठेवायचं ते तू शिकवणार. वेल्क्रोची पट्टी लाव, बंजीचा रबरी दोर लाव, 'हे प्रोफेशनल लोक असं करतात, पद्मजा.' बरं बाबा, प्रोफेशनल.

आमचे बाबा शाळेत गणित शिकवायचे, पण त्यांचा जीव खाडीत. मी इथे मास्टर्सला आले तेव्हा त्यांनी मला सोन्याची साखळी नाही दिली, काठी दिली. वेळूची, स्वतः निवडलेली, चुलीवरच्या धुरात धरून सरळ केलेली, वर्षभर कडू तेल पाजलेली. बॅगेत मावावी म्हणून तिचे तीन तुकडे केले आणि सांध्याला पितळेच्या कड्या बसवल्या. त्या कड्या दमट हवेत घट्ट बसायच्या. सोडवायच्या तर एक ठरावीक हिसका होता, तो त्यांनी मला विमानतळावर, सिक्युरिटीच्या रांगेत उभं राहून शिकवला. आई डोळे पुसतेय आणि हे काठी पिळून दाखवतायत. त्या काठीनं मी कॅव्हनला पहिला पाइक काढला तेव्हा डर्मट म्हणाला होता, योर मॅन, म्हणजे तुझा बाप, जादूगार आहे. तो फोटो बाबांनी शाळेच्या ग्रुपवर टाकला होता.

आता त्या दिवसाचं. तू विसरला असशील, किंवा तुला जसं सांगायला आवडतं तसंच आता आठवत असेल. म्हणून मी सांगते, जसं झालं तसं.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. सकाळी इथे पार्किंगमध्ये, गाडीमागच्या ट्रेलरवर चढवलेल्या बोटीत मी सगळ्या काठ्या बांधल्या. बाबांची काठी तीन तुकड्यांत, चिंध्यांत गुंडाळून, लॉकरमध्ये सगळ्यांत आत. एम थ्री हायवेला लागायच्या आधी पेट्रोल पंपावर सतीश आणि मंडळी भेटणार होती. मी कॉफी आणायला आत गेले. तेवढ्यात तुला फोटोची हुक्की आली, हे मला नंतर सतीशकडूनच कळलं. सगळ्या काठ्या बाहेर काढल्यास, डेकवर मांडल्यास, आणि मधोमध शोभेला बाबांची काठी, तिन्ही तुकडे जोडून, चांगली लांबलचक. चिंध्या फोटोत गचाळ दिसतात म्हणून पंपावरच्या कचऱ्याच्या डब्यात! फोटो झाले. बाकीच्या काठ्या लॉकरमध्ये कोंबल्यास. ती मात्र सुटेना, कारण तो हिसका तुला येत नव्हता. मला हाक मारायला काय झालं होतं? मारली नाहीस, सतीशसमोर बायकोला विचारायचं म्हणजे कमीपणा. तशीच जोडलेली काठी डेकवर आडवी टाकलीस, वर एक बंजी ताणलीस, आणि मी आले तेव्हा म्हणालास, झालं सगळं पॅक, बस.

पुढं काय झालं ते मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवून सांगितलं. मी मागं वळून बघितलं तेव्हा काठी रस्त्यावर होती आणि ट्रक तिच्यावरून गेला होता. तू गाडी कडेला घेतलीस. मी त्या कडेकडेनं चालत मागं गेले, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते, आणि मला एक पितळेची कडी सापडली, चेपून वाकडी झालेली. बाकी नुसती कुसळं. परत आले तेव्हा तू काय करत होतास सांगू? त्या निळ्या चमचमत्या रंगावर ओरखडा तर आला नाही ना, ते वाकून वाकून बघत होतास. हातात ते मऊ फडकं होतं.

तेही मी गिळलं असतं. माणसाच्या हातून होतं. पण दुसऱ्या दिवशी रविवार, देवगडला व्हिडिओ कॉल. बाबांनी नेहमीसारखं विचारलं, काठी काय म्हणते? मी तोंड उघडायच्या आत तू फोन तुझ्याकडे वळवलास. 'बाबा, अहो, पद्मजानं काठी नीट बांधली नव्हती. हायवेवर उडाली. पण मी तिला एका शब्दानं बोललो नाही हं.' एका शब्दानं बोललो नाही! अरे, कुठून आणलास एवढा मोठेपणा? बाबा म्हणाले, 'असूं दे. काठी काय, दुसरी करूक येता.' आणि मी गप्प बसले. आमच्याकडे जावयाला सासऱ्यासमोर खोटं पाडत नाहीत. जावयाचा मान. आईनं मला लग्नाच्या आधी शिकवलेली ती एकच गोष्ट मी अगदी नको तिथे पाळली. म्हटलं, विमानं सुरू झाली की जाईन आणि शेजारी बसून सांगेन.

पुढं तुला ठाऊकच आहे. पुन्हा लॉकडाऊन, घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही, एका फ्लॅटमध्ये तू आणि मी. त्या गप्प बसण्याचंच नंतर भांडण झालं आणि भांडणाचं काय झालं ते तुझ्या सँट्रीच्या भाड्याच्या खोलीला माहीत. बाबा एप्रिलमध्ये आजारी पडले आणि मी पोचले नाही. तिकीट, टेस्ट, हॉटेलात कोंडून घेणं, ह्या सगळ्याची फोनाफोनी करत राहिले आणि ते गेले. मी स्क्रीनवर बघितलं.

तेराव्यानंतर आईनं एक सांगितलं. बाबांनी खरंच दुसऱ्या काठीला हात घातला होता. दिवाळीत वेळू तोडून आणला, चुलीवर धरला, तेल पाजायला सुरुवात केली. मग एक दिवस उचलून माळ्यावर टाकला. आई म्हणाली, पुरी करा की. तर म्हणाले, 'तिका दुसरी दिवन काय उपेग?' एवढंच. माझे वडील हे वाक्य मनात घेऊन गेले, यशोधन, आणि ते माझ्याबद्दल होतं, आणि ते तुझ्या खोटेपणातून आलं. मी आईला खरं सांगून बघितलं. ती म्हणाली, 'जावई कित्याक खोटा सांगतले?' वर असंही म्हणाली, की नवऱ्याशी पटत नाही म्हणून त्याच्यावर ढकलू नकोस. आता दर फोनवर कुठून तरी ते निघतंच. 'तुका एक काठी सांभाळूक जमली नाय गो?' बाबांच्या कानावर आता काही घालता येत नाही. आईच्या येतं. ती आहे तोवर तिला तुझ्या तोंडून खरं कळायला हवंय, आणि मी ते वदवून घेणार आहे.

मे महिन्यात एक दिवस मी या शेडमध्ये करवत घेऊन आले होते. तुझ्या सगळ्या काठ्या खाली मांडल्या आणि त्यांच्याकडे बघत बसले. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं. पहिली उचलली, करवत टेकवली. डर्मट दारातून डोकावला, बघितलं, चहा ठेवून गेला. मग माझ्या लक्षात आलं, काठ्या तोडल्या तर तू नव्या घेशील, आणि वर झूमवर सांगायला तुला आणखी एक गोष्ट मिळेल, वेड्या बायकोची. तेवढी चैन मी तुला करू देणार नाही. म्हणून मग मी करवत ठेवली आणि चिंध्या काढल्या. एकेक काठी बांधताना मनात म्हणत होते, बघ, अशी बांधतात. सगळं बांधून झाल्यावर झाकण लावलं, कुलूप फिरवलं, आणि चहा प्यायले. थंडगार झाला होता.

तेव्हा किल्ली. दुसरी किल्ली तू गेल्या वर्षी तळ्यात पाडलीस, तीही माझ्याच नावावर खपवली असशील म्हणा. उरली एक. ती मी कुरियरनं देवगडला पाठवली, आईकडे, परवाच पोचली. झाकण पहारीनं उचकटता येईल, पण तुला मी ओळखते, त्या निळ्या रंगावर एक ओरखडा तुझ्यानं सहन व्हायचा नाही. म्हणून फोन लाव. तिकडे दुपार आहे, आई जेवून बसलीय, तिला मी सांगून ठेवलंय की आज जावयाचा फोन येईल. सतीशला आत बोलव आणि फोन स्पीकरवर टाक, त्या रविवारी होता तसाच. आई लगेच किल्ली पाठवेल, स्पर्धेच्या आधी मिळेलही, ती तुझ्यासारखी नाही. फक्त ती किल्ली मी एका पितळेच्या कडीत ओवून पाठवलीय, हायवेवर सापडली होती त्या कडीत. पाकीट उघडल्या उघडल्या आईनं मला विचारलं, ही कडी एवढी वाकली कशानं गो? मी म्हटलं, ते मला नको विचारू, जावयाला विचार.

कागदोपत्री अजून तुझीच,
पद्मजा